हांड्यांची रांग, माणसांची रांग

मराठवाड्यात मी गेलो तो दुभाषी म्हणून. हे वाक्य मी बायकोसमोर मोठ्यानं वाचत नाही. ती लगेच विचारते, "तिकडे मराठीच बोलतात ना? मग तुम्ही कुठल्या भाषेतनं कुठल्या भाषेत नेत होता?"

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर म्हणजे तिचा धाकटा भाऊ मधुकर. तो अर्थशास्त्रज्ञ. दहा वर्षं अमेरिकेत, नंतर दिल्लीत. सरकारी दवाखाने बाजाराच्या तत्त्वावर चालवता येतील का, लोक औषधपाण्याचे पैसे द्यायला तयार आहेत का, हे पाहून अहवाल द्यायचं काम त्याच्याकडे आलं होतं. जोडीला राव नावाचे दुसरे तज्ज्ञ. ते मूळचे म्हैसूरकडचे, हयात गेलेली दिल्लीत, मराठीचा गंध नाही. मधुकरला मराठी येतं, पण ते वयाच्या विसाव्या वर्षी त्यानं पुण्यात सोडलं तिथंच राहिलं आहे. "आपण आरोग्यसेवेबाबत समाधानी आहात काय?" असं त्यानं बांधावर उभ्या माणसाला विचारलं, की तो माणूस मागं वळून बघतो, साहेब आणखी कुणाशी बोलतायत का म्हणून. तेव्हा घरातल्या घरात स्वस्त पडणारा माणूस म्हणून मेव्हण्यानं मला घेतलं. मी बावीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवतो. पण इंग्रजीत मला उलट प्रश्न विचारणारा माणूस त्या दौऱ्यात पहिल्यांदा भेटला.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती आणि पाऊस लागोपाठ दुसऱ्यांदा हुकला होता. बायकोनं उकळलेल्या पाण्याच्या चार बाटल्या दिल्या आणि मधूला जप म्हणून बजावलं. मला कुणी जपायचं याबद्दल ती काही बोलली नाही.

नांदेड

विश्रामगृहात तिघांत मिळून एक बादली पाणी होतं. मधुकरनं दाढी केली, मी तोंड धुतलं, आणि राव उरलेल्या पाण्यात अंघोळ करून, कपडे धुऊन, वर तांब्याभर पाणी झाडाला घालून आले. हे त्यांनी कसं केलं ते मला आजवर कळलेलं नाही. बुटका, शांत माणूस. खिशात छोटी वही. बघत जास्त, लिहीत कमी.

दुपारी गुरुद्वाऱ्यात लंगरला बसलो. मधुकरनं ताट पुढे ओढण्याआधीच वाढणाऱ्या सरदारजींना विचारलं, की रोज किती माणसं जेवतात आणि खर्च कोण करतं. ते म्हणाले, "पहले खा लो जी." आणि दोन रोट्या टाकून पुढे गेले.

मधुकर मला समजावू लागला. "भाऊजी, मूळ मुद्दा साधा आहे. फुकट मिळालेल्या वस्तूची माणसाला किंमत राहत नाही. दर्जाही राहत नाही."

"खरंय," मी म्हणालो. "डाळ घेतोस का अजून?"

"थोडी. फार छान आहे," तो म्हणाला. त्याची तेव्हा चौथी रोटी चालली होती. राव ताटाकडे बघून हसल्यासारखे वाटले, पण त्यांच्या बाबतीत नक्की सांगता येत नाही.

भोकर आणि अर्धापूर

मधुकरची मी थट्टा करतो, पण भोकरच्या बाजूला त्याचं म्हणणं मला पटलं, हेही लिहिलं पाहिजे. एका सरकारी दवाखान्यात खाटा भरपूर, माणसं मोजकी आणि औषधाच्या कपाटाला कुलूप. ओट्यावर एक शेतकरी तापलेल्या बायकोला घेऊन बसला होता. मी त्याला विचारलं, इथं इलाज फुकट होतो ना?

"हाव, फुकट हाय ना," तो म्हणाला. "चिठ्ठी फुकट. गोळ्या बाहेरून आणा. सुई टोचणारा बाहेर बसून राहिला, त्याचे पैशे अलग. मंग फुकट काय राहिलं गुरुजी? हे बाकडं."

मी गुरुजी आहे हे त्यानं न सांगता ओळखलं. सगळेच ओळखतात. हे उत्तर मी रावांना इंग्रजीत सांगितलं तेव्हा मधुकरला इतका आनंद झाला की त्यानं त्या माणसाचा हात हातात घेऊन हलवला. लोक पैसे देतातच, फक्त भलत्याला देतात. तेच दवाखान्यात घ्या, दवाखान्यातच ठेवा, आणि त्यातून गोळ्या आणा. यात मला तरी खोट दिसली नाही. त्या माणसाची बायको मात्र तशीच बसलेली होती. शेवटी राव उठले आणि जीपमधल्या आमच्या पेटीतल्या तापाच्या गोळ्या तिला देऊन आले.

परतताना अर्धापूर लागलं. दुष्काळातही विहिरीच्या जोरावर तग धरलेल्या केळीच्या बागा. हिरवा रंग बघून आम्ही तिघंही गाडीतून उगाचच उतरलो. बागवाल्यानं ओळख ना पाळख, एक अख्खा घड जीपमध्ये ठेवला. पैसे विचारले तर म्हणाला, "पाव्हण्याला केळं इकत असतेत का?" मधुकरनं हेही लिहून घेतलं, पण कोणत्या सदरात लिहावं हे त्याला कळेना. तो घड पुढचे पाच दिवस माझ्या मांडीशी होता. त्याचा संबंध पुढे येईल.

शिरूर अनंतपाळच्या बाजूचं एक गाव

गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. का, ते पुढे कळेल.

गावाच्या कडेला कडुनिंबाखाली दीड खोलीचं आरोग्य उपकेंद्र. वर पिवळी पाटी. पाटीवरचं जिल्ह्याचं जुनं नाव खरडून 'लातूर' रंगवलेलं, पण जुनं नाव खालून दिसत होतं. आणि समोर रांग. शंभराच्या आसपास बाया, बहुतेकींच्या कडेवर लेकरू, मध्ये मध्ये म्हातारी माणसं. कडुनिंबाच्या फांदीला तागडी टांगलेली. झोळीत एक लेकरू पाय झाडत होतं आणि चाळिशीची एक बाई, पांढरं लुगडं, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली, काट्याकडे डोळे बारीक करून बघत होती. या वत्सलाबाई. इथल्या नर्स. गाव त्यांना नुसतं 'बाई' म्हणतं.

वजन झालं की त्या लेकराची पापणी खाली ओढून बघायच्या, आईला दोन प्रश्न, रजिस्टरात नाव, सुई राहिली असेल तर सुई. मग "चल, म्होरं हो." एका लेकराला अर्धा मिनिट. मी शाळेत हजेरी घेतो ती याहून सावकाश असते.

मधुकर जागच्या जागी थांबला. दवाखान्यांची रजिस्टरं तो दिल्लीपासून वाचत आला होता आणि हे केंद्र त्यानं आकड्यावरूनच निवडलं होतं. आता तो आकडा त्याला उभा दिसत होता. "बघा भाऊजी. तिकडे खाटा रिकाम्या आणि इथं दीड खोलीला ही गर्दी. याला म्हणतात मागणी."

केंद्राच्या बाजूला हापसा होता. त्याच्यासमोरही एक रांग होती, पण हांड्यांची. पितळी, ॲल्युमिनियमचे, काळे पडलेले, एकामागे एक. मीही ते पाहिले. मला वाटलं गावात कुठं लग्न आहे आणि भांडी घासायला आणलीत. रावांना मी तसं सांगितलंसुद्धा. त्यांनी हांड्यांकडे बराच वेळ पाहिलं आणि वही न उघडता खिशात ठेवली.

रांगेत एक वाकलेली म्हातारी होती, काशव्वा. पलीकडच्या कर्नाटकातनं लग्न होऊन इकडे आलेली. अर्धं मराठी, अर्धं कानडी, आणि तेही स्वतःशीच पुटपुटणारी. तिच्या कडेवर एक गुटगुटीत पोरगं. मी कौतुकानं विचारलं, "नातू का, आजी?"

"माझा कुठला. शेजारणीचा हाय," ती म्हणाली. "आज दिसभर माझ्याकडंच हाय."

तेच पोरगं मी तासापूर्वी झोळीत पाहिलं होतं, अशी मला शंका आली. पण लहान मुलं सगळी सारखीच दिसतात म्हणून मी ती सोडून दिली.

तेवढ्यात सरपंच विश्वंभरराव आले. घामानं सदरा भिजलेला, तोंडभर हसू. मधुकरनं मला 'भाऊजी' म्हटलेलं त्यांनी ऐकलं आणि नातं लावून टाकलं. "आसं? म्हंजे तुम्ही सायबाचे दाजी." झालं. तिथून पुढे अख्ख्या गावात मी दाजी झालो. बाया पदराआडून, "दाजी, चष्मा सांडंल बगा," "दाजी, गुमान सावलीला बसा की," असं म्हणायच्या आणि खुसखुसायच्या. सासुरवाडीतही माझी इतकी विचारपूस झालेली नाही.

मग मधुकरनं योजना सांगितली. मी ती लोकांना मराठीतून मराठीत सांगितली. हे केंद्र पहिल्या प्रयोगासाठी घ्यायचं. लातूरचा एक डॉक्टर कराराने रोज इथं बसेल. चौफेर भिंत, एक फाटक, फाटकाशी खिडकी. आत येणाऱ्यानं माणशी एक रुपयाची चिठ्ठी घ्यायची. जमेल त्यातून औषधं, रंगरंगोटी सगळं.

सरपंचांनी हात जोडले. "जिल्हा नवा झाला, पर आमच्या वाट्याला नुसती पाटी आली बगा. डॉक्टर येऊ द्या, सायेब. भिंतीला दगूड आमी देताव."

वत्सलाबाईंनी झोळीतलं लेकरू उचलून आईकडे दिलं. "साहेब, भिंत कुठून घालणार?"

"सगळीकडून. आवार सुरक्षित हवं."

"हापसा आत का भायेर?"

मधुकरनं मोजमापाचा कागद पाहिला. "आत. अर्थातच आत."

बायांमधली खुसखुस थांबली. रावांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणून मी त्यांना इंग्रजीत सांगितलं, की पंप भिंतीच्या आत राहील. वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होतं. त्यात काय आहे हे मला आणखी दीड दिवसानं कळलं.

लातूर

नव्या जिल्ह्याचं गाव कसं असतं हे मी पहिल्यांदाच पाहत होतो. घर नवं बांधून राहायला गेलेल्या माणसासारखं ते वागतं. जो भेटेल तो 'आमचा जिल्हा' म्हणून काहीतरी दाखवत होता, आणि आरोग्य कार्यालय कुठं आहे असं विचारल्यावर तीन माणसांनी तीन पत्ते दिले. तिन्ही बरोबर निघाले. एका भाड्याच्या घरात टेबलं होती, दुसऱ्यात कपाटं आणि तिसऱ्यात साहेब. नळाला आठवड्यातनं एकदा पाणी. पण खाणावळीतली येसराची, म्हणजे भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची, झणझणीत आमटी अशी, की पुण्यात तिला आमटी म्हणायला लोक घाबरतील. मी ती दोन वेळा घेतली. शिवाय केळी. जीपमध्ये उन्हानं काळी पडलेली, टाकवत नव्हती आणि मधुकर आणि राव त्यांना हात लावत नव्हते. कुणीतरी संपवायला हवीत या भावनेनं मी संपवत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी विश्रामगृहाच्या व्हरांड्यात वत्सलाबाई उभ्या. पहाटेच्या एसटीनं आलेल्या. "साहेबांना नको," त्या म्हणाल्या, "दाजी, तुमच्याशीच बोलायचं हाय."

मी चहा मागवला. बोलायला सुरुवात व्हावी म्हणून अर्धापूरच्या केळ्यांचं सांगितलं. त्या एकदम उजळल्या. "माझं माहेर हाय ना ते. आमच्या बापाला जमीन न्हाई, दुसऱ्याच्या बागेत पाणी धरायचा. छप्पन्नात दीक्षा घेऊन आला आन् म्हणला, आता पोरगी शाळेत जाईल. म्हणून मी ही अशी."

मग बशीतला चहा संपवून त्यांनी सगळं सांगितलं. या गावात आल्यावर पहिली चार वर्षं त्या घरोघर फिरल्या. सुई म्हटलं की दारं लागायची. "काही घरांत माझ्या हातचं पाणी बी घेत नव्हते दाजी. लेकराला सुई कशी टोचू देतील?" मग दुष्काळ पडला. एकेक करून विहिरी गेल्या आणि केंद्राशेजारचा हापसा तेवढा राहिला.

"तव्हा मी नियम केला. हांडा नंबराला लावायचा आसंल तर आधी लेकराचं वजन. लेकरू न्हाई, तर घरातलं म्हातारं माणूस दाखवायचं. ते बी न्हाई तर..."

"शेजारणीचं लेकरू."

त्या हसल्या. "काशव्वा लई बेरकी हाय. पण त्या पोराचं वजन गावात सगळ्यात चांगलं हाय."

हांड्यांची रांग म्हणजे काय ते मला तेव्हा उलगडलं. हांडा तिकडे नंबर धरून उभा, आणि त्याची मालकीण इकडे लेकरू घेऊन उभी. आम्ही तिघं शिकलेली माणसं दोन्ही रांगांच्या मधोमध उभं राहून एकच पाहत होतो.

"दोन उन्हाळे झाले, डांग्या खोकल्यानं माझ्या गावात एक लेकरू गेलं न्हाई," त्या म्हणाल्या. "आता भिंत होईल. रुपया आसंल तो पाणी नेईल. नसंल त्या बाया नदीच्या वाळूत झिरा खणून बसतील. आन् लेकरं घरी. माझी रांगच मोडली."

"मग हे मधुकरला सांगा ना. मी सांगतो."

"काय सांगणार? हापसा सार्वजनिक हाय. त्याच्यावर नर्सनं नियम लावला, हे लेखी गेलं की मी घरी बसले. रजिस्टर बी खोटं ठरंल. पाण्याला आलेल्या बाया ह्या, पेशंट कुठं?" त्यांनी कप बशीत पालथा ठेवला. "तेवढं आमचं नाव यादीतून निघंल आसं बघा. दुसरं काही नको."

त्या गेल्या. मी दिवसभर मोठ्या धीरानं विचार केला आणि जेवताना मधुकरला, वत्सलाबाईंचं नाव न घेता, सहज सुचल्यासारखं म्हणालो, "मधू, त्या बाया पाण्याला तर येत नसतील?"

तो भाकरी मोडत म्हणाला, "येत असतील की. दुकानदार स्वस्त माल दारात मांडतो, गिऱ्हाईक आत आलं की बाकीचं विकतो. उत्तम आहे. म्हणून तर हापसा आत घ्यायचा."

माझ्या युक्तीनं हापसा भिंतीच्या आत आणखी पक्का बसला. बायको म्हणते ते खरं आहे, मी बोलून कुठलंही काम बिघडवू शकतो.

मग राव म्हणाले, की शेवटची सही करण्याआधी त्यांना त्या केंद्रात एक साधी सकाळ बसून आपल्या डोळ्यांनी माणसं मोजायची आहेत. परवाचा दिवस ठरला आणि सरपंचांना निरोप गेला.

पुन्हा गाव

परवाची सकाळ उजाडेपर्यंत येसर आणि केळी यांचा माझ्या पोटात बेबनाव झाला होता. वाटेत जीप तीनदा थांबवावी लागली. मराठवाड्याच्या माळावर आडोसा म्हणून फक्त बाभळी आहेत आणि त्या आरपार दिसतात, एवढंच लिहितो.

आठाला पोचलो. कडुनिंब होता, तागडी होती, पाटी होती. रांग नव्हती. एकही हांडा नाही. हापशाचा दांडा जागेवर नव्हता. नुसतं लोखंडी डोकं वर करून तो उभा होता. भिंतीला टेकून काशव्वा तेवढी बसलेली, पुढ्यात पालथा हांडा.

सरपंच हादरले. "कालपोतर चालू हुता की! बाई, दांडा कुठाय?"

"मोडला," वत्सलाबाई म्हणाल्या. "दुरुस्तीला हाय."

"मला कुणी सांगितलं न्हाई ते?"

"तुमच्या घरी म्हाईत हाय."

सरपंचांनी सदऱ्याच्या बाहीनं घाम पुसला. घरातला रांजण आज काठोकाठ का भरलाय हे त्यांना आत्ता आठवलं असावं. बायकोला आधी कळतं आणि आपल्याला मागाहून, या बाबतीत पुणं आणि मराठवाडा यांत मला काही फरक दिसला नाही.

राव खुर्ची टाकून कडुनिंबाखाली बसले आणि त्यांनी वही उघडली. मधुकर येरझाऱ्या घालू लागला. माझ्याच्यानं उभं राहवेना, म्हणून बाईंनी मला आतल्या लोखंडी टेबलावर आडवं केलं, पापणी ओढून बघितली, जीभ बघितली. "दाजी, किती केळी खाल्ली?"

"मोजली नाहीत."

"अर्धापूरची हायत, पोटाला बाधतच न्हाईत. उन्हात नासवून कामून खाल्ली?" त्यांनी कोपऱ्यातल्या घागरीतून तांब्याभर पाणी घेतलं, मीठ-साखर मोजून घातली, ढवळलं, आणि घोट घोट प्यायला लावलं. तिसऱ्या घोटाला माझा चष्मा घसरून खाली पडला. तो घ्यायला वाकलो तर टेबलाखाली, पांढऱ्या चादरीत नीट गुंडाळलेलं, लहान मुलाएवढं लांब काहीतरी. चादरीच्या टोकातून लोखंड दिसत होतं. शेजारी दोन पाने, हापसा खोलायचे.

मी वर बघितलं. बाई माझ्याकडेच बघत होत्या.

"पाणी संपवा," त्या म्हणाल्या. "घागरीत तेवढंच हाय. सांजेपोतर दुसरं न्हाई."

मी संपवलं. गावातल्या सगळ्या बायांनी काल सांजेला आपापलं भरून ठेवलं होतं आणि आजचा दिवस त्यावर काढायचा होता. त्या हिशोबात माझं पोट नव्हतं. बाईंनी स्वतःचं पाणी मला पाजलं होतं, हे बाहेर येऊन उन्हात उभा राहिल्यावर माझ्या ध्यानात आलं.

दुपारपर्यंत केंद्रात तीन माणसं आली. एक गळू झालेला गडी, एक नांगराच्या फाळानं पाय कापलेला, आणि बैलगाडीतून सासूसोबत एक पोरगी, दिवस भरत आलेली. बाईंनी तिला तपासून, आठ दिवस आहेत, असं सांगून परत पाठवलं. सरपंच माझ्याशेजारी उभे होते. गाडी वळली तसे ते हळूच म्हणाले, "डॉक्टर आसता तर बरं झालं आसतं, दाजी." तेही खोटं नव्हतं. त्या गाडीच्या मागं मी बराच वेळ बघत राहिलो.

साडेबाराला रावांनी वही मिटली आणि मला इंग्रजीत म्हणाले, "बाईंना विचारा, हा पंप कधी चालू होईल?"

मी विचारलं. वत्सलाबाई तागडी फांदीवरून सोडवत होत्या. वळून न बघता म्हणाल्या, "साहेबांची गाडी फाट्याला लागली की."

बावीस वर्षांत इतका वेळ मी एका वाक्यावर कधी घेतला नव्हता. शेवटी सांगितलं, "संध्याकाळपर्यंत होईल, असं म्हणतात."

रावांनी मान हलवली. मग ते काशव्वापाशी जाऊन उकिडवे बसले आणि तिच्याशी कानडीत बोलू लागले. म्हातारीचा चेहरा आधी कोरा, मग फुलला. माहेरची भाषा ऐकून ती जे सुटली ते हातवारे करत, हांड्याकडे बोट, केंद्राकडे बोट, आणि शेवटी बोळक्या तोंडावर पदर धरून हसत राहिली. वत्सलाबाईंच्या हातात तागडी तशीच राहिली. रावांना कानडी येत असणार, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. म्हैसूरकडचा माणूस, सीमेवरचं गाव. आठ दिवस मी त्यांना भाषांतर करून देत होतो.

राव उठले, पँटची धूळ झटकली, बाईंना नमस्कार केला आणि जीपमध्ये जाऊन बसले. बाईंनी नमस्कार केला नाही. त्यांना हात मोकळे करायचं सुचलं नाही.

जीप निघाल्यावर मधुकरनं यादी काढली. "तर हे केंद्र पहिलं धरायचं ना?"

रावांनी पेन मागितलं, नावावर आडवी रेघ मारली आणि कागद परत दिला.

"का?"

"मागणी नाही," राव म्हणाले. "मी बसून मोजलं. तीन माणसं."

"आणि त्या दिवशीची शंभर?"

"त्या दिवशी गावात लग्न होतं," राव म्हणाले. "तुमच्या भाऊजींनीच सांगितलं."

मधुकर माझ्याकडे बघू लागला. मला काहीतरी बोलणं भाग होतं, पण तेवढ्यात पोटानं पुन्हा उचल खाल्ली. त्यासाठी मी आजही त्याचा ऋणी आहे. फाट्याला वळण्याच्या अलीकडेच जीप थांबवायला लावली. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. मी बाभळीकडे धावलो.

परत आलो तर मधुकर आणि राव जीपबाहेर उभे होते. चौफेर भेगाळलेली काळी जमीन, वाऱ्याचं नाव नाही. आणि गावाच्या बाजूनं, लांबून पण स्पष्ट, लोखंडाचा आवाज येत होता. खडक-खट्, खडक-खट्. आम्ही गेलोच असं समजून बाईंनी थोडी घाई केली होती.

"हा कसला आवाज?" मधुकर म्हणाला.

"गाडीचा असेल," राव म्हणाले.

मधुकरनं बंद जीपकडे बघितलं. मग रावांकडे, मग माझ्याकडे. त्याच्या हातात वही उघडी होती. शेवटी तो काही न लिहिता वही खिशात घालून गाडीत बसला.